अर्धा रियाल

महिन्याचे पाच रियाल. रोज पहाटे चारला
तो खाली गाड्या पुसतो.
पाणी आमच्याच एसीचं. मालकाने
खालच्या नळाला कुलूप घातल्यापासून
तिसऱ्या मजल्यावरून जे थेंब थेंब गळतं
ते तो रंगाच्या रिकाम्या डब्यात रात्रभर धरतो.
म्हणजे मी झोपतो तेव्हा
माझाच गारवा त्याच्या डब्यात साठत असतो.
हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

ईदनंतर मी त्याच्या हातावर साडेचार ठेवले.
तीन दिवस गाडी पुसली नव्हती.
पाच भागिले तीस, गुणिले तीन:
बरोबर अर्धा रियाल, दशांशापुढे काही उरलं नाही.
मी हिशेबनीस आहे. रुवीत अकरा वर्षं,
टाइल्सच्या गोदामात,
जिथे अरबाब माझा उशीर मिनिटांत कापतो
आणि मी घरी येऊन शैलाला सांगतो
की या लोकांना माणसाची किंमत नाही.

तो काहीतरी बोलला.
नोटा दुमडल्या, वरचा खिसा दाबून पाहिला,
आणि शेजारच्या लाल गाडीचे वायपर उभे केले.

महिनाभराने, गाडीच्या कप्प्यात गॉगल शोधताना,
निझव्याच्या किल्ल्याची तिकिटं सापडली.
दोन मोठी, एक लहान. तारीख ईदची.
तीन दिवस होतो आम्ही तिकडे.
बोकडांचा बाजार पाहिला,
पोराने हलव्यासाठी भोकाड पसरलं.
गाडी आमच्याबरोबर होती.
गाडी आमच्याबरोबर होती,
हे मी लिफ्टमध्ये दोनदा मोठ्याने म्हटलं.
परतलो त्या रात्री काचेवर बोटभर धूळ, निझव्याची,
आणि त्या धुळीवर रेघ ओढत मीच म्हणालो होतो,
"बघ, कसे फसवतात."

दुसऱ्या दिवशी पहाटे अर्ध्या रियालची नोट घेऊन उतरलो.
जुलैची दमट हवा, चष्म्यावर वाफ,
समोरचे डोंगर अजून काळेच.
नाव विचारलं, चार वर्षांत पहिल्यांदा.
मोतालेब. गाव भोला.
"आमच्याकडे भोळा म्हणजे..." म्हणून सुरुवात केली
आणि जीभ चावली.

"तू बोला क्यूं नहीं?"
"बोला था, शाब. आप फोन पे था."
रागाने नाही. दुकान बंद होतं,
असं सांगावं तसं.

नोट घेऊन त्याने वही काढली, जमा लिहायला.
माझ्या वह्यांपेक्षा नीटस. बंगाली अक्षरं, बंगाली आकडे,
त्यात माझा नंबर मला ओळखताच आला नाही.
त्याने बोट ठेवून दाखवला.
पुढे दोन ओळी होत्या. वाच म्हटलं.
खरं सांगायचं तर तिथे माझ्याविषयी
काहीतरी असावं असं वाटत होतं,
वाईट का असेना.

"डान दिकेर आयना ढिला. आस्ते."

उजवीकडचा आरसा सैल. हळू.
गेल्या वर्षी पार्किंगच्या खांबाला घासला तो.
बायकोच्या बाजूचा,
म्हणून टेप लावून विसरलो होतो.
वर्षभर, रोज पहाटे,
अंधारात, कुणी बघत नसताना
तो त्या आरशाशी जपून वागत आला होता.

बोलण्यासारखं काही सुचेना. तोवर डब्यात
टप् झालं. मी वर पाहिलं.
मग डब्याकडे. मग त्याच्याकडे.
तो फडकं पिळत होता.

घरात आलो तर शैला चादर ओढून म्हणाली,
"एसी बंद करा हो, गारठलो आम्ही."
रिमोट हातात होता.
म्हटलं, राहू दे.
अजून सहा गाड्या आहेत.